जुनें यंत्र आणि नवा पडदा

माळ्यावर कित्येक वर्षें पडून राहिलेला संगणक खालीं आणावा, पुसून वीज जोडावी, सुरू झाल्याची ओळखीची शीळ ऐकूं यावी, आणि समोरच्या नव्या मॉनिटरवर मात्र संदेश मिळत नसल्याची सूचना तेवढी झळकावी, असा अनुभव जुन्या यंत्रांच्या पुष्कळ शौकिनांस येतो. यंत्र बिघडलें, असाच निष्कर्ष त्यावरून बहुधा काढला जातो. वस्तुतः यंत्र बोलत असतें. त्याची भाषा जाणणारा समोर कोणी नसतो. ही भाषा कोणती आणि ती कशी लोपली, हें समजण्यास इंग्लंडांतील एकाच संगणकाची हकीकत पुरेशी आहे.

१९८१ च्या डिसेंबरांत केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें ‘बी.बी.सी. मायक्रो’ हा संगणक बाजारांत आणला. बी.बी.सी. या नभोवाणी-संस्थेनें लोकांस संगणकाची ओळख करून देण्याचा जो उपक्रम योजिला होता, त्यासाठीं तो तयार झाला. पुढें १९८४ सालीं भारतांतील शाळांकरितां ‘क्लास’ प्रकल्प निघाला, तेव्हां तेथेंहि हेंच यंत्र पसंत करण्यांत आलें. त्या काळीं स्वतंत्र मॉनिटर विकत घेणें सामान्य कुटुंबास जड जाई; दूरचित्रवाणीचा संच मात्र इंग्लंडांत बहुतेक घरीं होता. म्हणून यंत्र रचणारांनीं त्या संचाचीच रीत स्वीकारली.

ती रीत अशी. कांचेच्या नळींत विद्युत्कणांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेषा ओढी आणि किंचित् खालीं उतरून दुसरी ओढी. अशा सेकंदाला १५,६२५ रेषा होत, आणि वरपासून खालपर्यंत सेकंदाला ५० फेऱ्या होत. दूरचित्रवाणीचें पूर्ण चित्र ६२५ रेषांचें असून तें दोन फेऱ्यांत पुरें होई. एका फेरींत विषम रेषा, दुसरींत सम. संगणकानें येथें आपली सोय पाहिली. टेलिटेक्स्टची पद्धत सोडल्यास तो दोन्ही फेऱ्यांत फार तर २५६ रेषांचें तेंच चित्र पुनः धाडी. नळीला त्याचें कांहींच नव्हतें. इशारा येतांच झोत फिरवावा, एवढेंच तिचें काम.

१९८७ सालीं आय.बी.एम.नें ‘व्ही.जी.ए.’ हा प्रकार आणला आणि रेषांचा वेग सेकंदाला सुमारें ३१,५०० वर गेला. पुढील मॉनिटर या दुप्पट वेगालाच सरावले. जुना वेग त्यांतील पुष्कळांस ओळखतांहि येत नाहीं. सपाट पडद्यांत तर झोतच नाहीं. तेथें आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे ठिपके ठराविक जागीं बसविलेले असतात, व आलेला संदेश मोजून-मापून मगच त्यांवर मांडला जातो.

दूरचित्रवाणीचे नवे संच जुना वेग पुष्कळदां ओळखतात. परंतु तेथें निराळी अडचण उभी राहते. दोन फेऱ्या म्हणजे एकाच चित्राचीं दोन अर्धें, असें गृहीत धरून ते त्या एकमेकींत विणतात. स्थिर अक्षरें थरथरतात, धांवत्या आकृतीच्या कडा फणीच्या दात्यांसारख्या फाटतात. पडदा रुंद म्हणून चित्रहि ताणलें जातें आणि वर्तुळ अंडाकृति होतें. ज्यानें मूळ चित्र कधीं पाहिलें नाहीं, त्यास जुनीं यंत्रेंच ओबडधोबड होतीं असें वाटतें. कांहींच न दिसण्यापेक्षां हा अन्याय मोठा; कारण येथें भूतकाळाविषयीं खोटी साक्ष दिली जाते.

यावर उपाय म्हणजे दुभाषा. नुसती तार जोडून भागत नाहीं. जुन्या यंत्राच्या रंगांच्या तारा ५ व्होल्टच्या हिशेबानें चालतात, तर व्ही.जी.ए. मॉनिटर ०.७ व्होल्टची अपेक्षा करतो. सरळ जोडणी त्यास अपायकारक ठरूं शकते. मधलें उपकरण हा दाब सांभाळतें, प्रत्येक ठिपका नेमक्या क्षणीं टिपतें आणि प्रत्येक रेषा चौपट करतें. २५६ च्या १,०२४ रेषा होतात व त्या १,०८० मध्यें बरोबर मावतात. उजव्या-डाव्या बाजूंस काळी पट्टी सोडली कीं, वर्तुळ पुनः वर्तुळ होतें. शक्य तर पडदाहि सेकंदाला ५० चित्रांवरच ठेवावा. ६० वर ठेवल्यास दर सेकंदास दहा चित्रें दोनदां दिसतात आणि हालचाल अडखळते.

असें एक उपकरण ‘रास्पबेरी पाय झीरो’ या लहानशा संगणकावर बेतलेलें असून तें प्रथम बी.बी.सी. मायक्रोकरितांच रचलें गेलें. त्या लहान संगणकांत ‘आर्म’ घराण्याचा प्रोसेसर आहे. या घराण्याचा पहिला प्रोसेसर एकॉर्न कंपनींतच जन्मला आणि १९८५ सालीं तो प्रथम चालविला गेला, तो बी.बी.सी. मायक्रोला जोडून. ज्या यंत्राच्या आधारानें तो पहिलें पाऊल टाकता झाला, त्याच वृद्ध यंत्राचें बोलणें आज त्याचा वंशज नव्या पडद्यास समजावून देत आहे.