केसांची इस्त्री : 'सिरॅमिक' या शब्दामागचा उष्णतेचा इतिहास

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरात शिरले की विद्यानगरीचा परिसर लागतो. महाविद्यालये आणि खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी ही या भागाची ओळख. स्नेहसंमेलन किंवा मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न जवळ आले की अशा खोल्यांतून एका उपकरणाची उसनवारी सुरू होते. ते उपकरण म्हणजे केस सरळ करणारी विजेची इस्त्री, दुकानाच्या भाषेत स्ट्रेटनर. खोक्यावर 'सिरॅमिक' हा शब्द ठळक असतो. किंमत मात्र काही शेकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत. चांगली कोणती, हा प्रश्न इतिहासाच्या धाग्यात कशाला, असे वाटेल. परंतु त्या एका शब्दाचा अर्थ इतिहासावाचून नीट लागत नाही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ नावापासून करू. 'इस्त्री' हा आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द. मूळ क्रियापद 'एस्तिरार', म्हणजे ताणणे. कपडा ताणून सरळ करणारी ती इस्त्री. केसांच्या बाबतीत हे नाव अधिकच चपखल बसते, कारण तिथे दाब आणि ताण ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

सरळ केस म्हणजेच सुंदर केस, ही कल्पना मात्र या भूमीत पुरातन नाही. जळगावहून अजिंठ्याला जाणे सोपे आहे. तेथील सतराव्या लेण्यात हाती दर्पण घेतलेल्या स्त्रीचे प्रसाधनाचे प्रसिद्ध चित्र पाहावे. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात, त्याच्या एका मांडलिक राजाने हे लेणे खोदवले. वा. वि. मिराशी यांनी ते राजघराणे ऋषीक देशाचे, म्हणजे आजच्या खानदेशाचे मानले. अजिंठ्याच्या चित्रांतून स्त्रियांच्या कपाळावर आणि खांद्यांवर कुरळ्या बटा रुळताना दिसतात. कपाळावरच्या अशा बटांना संस्कृतात 'अलक' म्हणत आणि त्याचाच एक पर्याय 'चूर्णकुंतल' असा आहे. चूर्णाच्या साहाय्याने केस वळवण्याची रीत त्या शब्दातच साठवलेली आहे. बुद्धमूर्तींच्या मस्तकावरही लहान लहान कुरळेच असतात. आपल्या पूर्वजांनी कष्ट घेतले ते केस कुरळे करण्यासाठी.

तापलेल्या धातूच्या केशरचनेचा आधुनिक इतिहासही वळणापासूनच सुरू होतो. १८७२ च्या सुमारास पॅरिसमधील केशरचनाकार मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने केसांत लाटा उमटवण्याची पद्धत रूढ केली. 'मार्सेल वेव्ह' हे नाव त्यावरून पडले. चिमटा तापे ज्योतीवर, आणि ज्योतीला अंश मोजता येत नाहीत. म्हणून कारागीर चिमटा आधी कागदावर दाबून पाही. कागद करपला की थांबायचे. पांढरा राहिला की केसांना लावायचे. आपल्याकडचे परीटही कोळशाच्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून 'चर्र' आवाजाचा अंदाज घेत आलेच आहेत. कागद आणि थेंब, हीच त्या काळची तापमापके होती. या साधनाचा पुढचा सारा इतिहास मला या एकाच अडचणीचा वाटतो : उष्णता किती आहे, हे केस जळण्याआधी कसे कळावे?

इथे एक प्रचलित समज दूर केला पाहिजे. तापवलेल्या कंगव्याचा, म्हणजे 'हॉट कोम'चा, शोध मॅडम सी. जे. वॉकर यांनी लावला, असे समाजमाध्यमांवर वारंवार लिहिले जाते. ते खरे नाही. त्यांच्या व्यवसायापूर्वीच असे कंगवे अमेरिकेतील दुकानांच्या सूचिपत्रांतून विकले जात होते. वॉकर यांच्या चरित्रकार आणि वंशज अलीलिया बंडल्स यांनीही हे स्पष्ट केले आहे. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, तेथील वाचकाला अस्सल कागद आणि ऐकीव कथा यांतला फरक सांगायला नको.

वॉकर यांचे खरे कर्तृत्व त्या दंतकथेहून मोठे आहे. १८६७ मध्ये लुइझियानात, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. कपडे धुऊन त्यांनी पोट भरले, डोक्याच्या त्वचेच्या विकाराने केस गमावले, आणि पुढे केसांची निगा राखण्याच्या व्यवसायातून हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळवून दिले. त्या समाजात केस सरळ करणे ही हौसेपुरती गोष्ट नव्हती. नोकरी मिळणे, अपमान टळणे हे त्यावर अवलंबून असे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत तर माणसाचा वंश ठरवण्यासाठी केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की निसटते, हे पाहिले जाई. एका पेन्सिलीवर कुटुंबे विभागली गेली. तेव्हा 'सरळ म्हणजे नीटनेटके' हे वाक्य कानावर आले की त्याची वंशावळ आठवावी.

दोन सपाट तापलेल्या पट्ट्यांमध्ये केस धरण्याच्या साधनाचे पेटंट १९०९ मध्ये आयझॅक शेरो यांना मिळाले. आजच्या स्ट्रेटनरचा साचा तोच. मधला काळ वेगाने ओलांडू. वीज आली, मुठी सुधारल्या. तरीही १९६० च्या दशकात पाश्चात्त्य मुली टेबलावर केस पसरून, वर कागद ठेवून, कपड्यांची इस्त्री फिरवत होत्या.

मुळात केस सरळ होतात कसे? केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अॅस्टबरी लोकरीवर क्ष-किरणांचे प्रयोग करत होते. केस किंवा लोकर ओलसर उष्णतेत ताणली की केराटिनच्या घड्या घातलेल्या साखळ्या उलगडतात, हे त्यांनी दाखवले. या साखळ्यांना जोडणारे दुबळे हायड्रोजन बंध पाण्याने वा उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्रीचे काम एवढेच. कायमचा सरळपणा देणारी रासायनिक प्रक्रिया सल्फरचे भक्कम बंध तोडते. तो मार्ग निराळा आणि त्याचे धोकेही निराळे.

मर्यादा मात्र कडक आहे. कोरड्या केसांतील केराटिनची रचना सुमारे २३० अंश सेल्सिअसला कोसळते. ओल्या केसांत तेच सुमारे १५० अंशांना घडते. शिवाय ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथेच तुटतो. ओल्या केसांवर चालेल अशी जाहिरात करणाऱ्या इस्त्रीपासून म्हणूनच चार हात दूर राहावे.

आता 'सिरॅमिक'. हा शब्द दोन वेगळ्या भागांना लागतो आणि दुकानदार बहुधा तो फरक सांगत नाही. पहिला भाग आतला तापक. १९५० च्या दशकात फिलिप्सच्या प्रयोगशाळेत असे आढळले की बेरियम टायटनेट या सिरॅमिकात अत्यल्प भेसळ केली तर ठरावीक तापमानानंतर त्याचा विद्युतरोध एकाएकी कित्येक पटींनी वाढतो. रोध वाढला की प्रवाह घटतो आणि तापक स्वतःच स्वतःला आवरतो. मार्सेलच्या कागदाचे काम पदार्थाच्या गुणधर्मानेच केले! विजेचा दाब खालीवर होणाऱ्या गावांत हा गुण विशेष उपयोगी. दुसरा भाग म्हणजे पट्टी. ती अखंड सिरॅमिकची असू शकते, किंवा अॅल्युमिनियमवर नुसता सिरॅमिकचा लेप असतो. स्वस्त इस्त्रीत बहुधा लेपच. नॉनस्टिक तव्याचा लेप उडाला की धिरडे चिकटते. इथे केस अडकतात आणि उघड्या धातूवर काही जागा अधिक तापतात. सिरॅमिकचा लाभ उष्णता सर्वत्र सारखी राहण्यात आहे. लेप गेला की तो लाभ संपला.

'टूर्मलीन'चीही गोष्ट रंजक आहे. हे नाव सिंहली भाषेतून आले. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून नेलेले हे खडे तापले की राख ओढून घेत, म्हणून त्यांना 'राखओढे' म्हणत. १७५६ मध्ये एपिनस याने तो विद्युतप्रभार असल्याचे दाखवले. गुणधर्म खरा आहे. परंतु लेपात त्या खड्याची पूड किती, हे खोक्यावर लिहिलेले नसते. त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत.

पैसे मोजायचे ते अंशांसाठी. तापमान आकड्यांत दाखवणारी आणि १४० ते १५० अंशांपासून सुरू होणारी इस्त्री घ्यावी. नुसते 'कमी-जास्त' लिहिलेली म्हणजे पुन्हा ज्योतीवरचा चिमटा. पातळ केसांना १५० च्या आसपास, दाट केसांना १८० पर्यंत पुरते. २०० च्या वर जाण्याचे कारण नाही. दुकानात इस्त्री थंड असताना पट्ट्यांत कागदाची चिंचोळी पट्टी धरून ओढावी. एखाद्या टोकाला ती सहज निसटत असेल, तर तिथे पट्ट्या मिळत नाहीत आणि त्या जागी केसांवर चार वेळा इस्त्री फिरवावी लागेल. कडा गोलसर असाव्यात, ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असावी. आखूड केसांना इंचभर रुंदी पुरे. कमरेपर्यंतच्या वेणीला अधिक रुंद पट्टी बरी. अमेरिकेतल्या मावशीने आणलेली असेल, तर मुठीवरचा बारीक मजकूर आधी वाचावा : '११०–२४०' असेल तर ठीक, नुसते '११०' किंवा '१२०' असेल तर आपल्या २३० व्होल्टवर ती लावू नये.

आणि ऋतू पाहावा. वैशाखातल्या खानदेशी कोरड्या हवेत सरळ केलेले केस दिवसभर तसेच राहतील. श्रावणात मात्र हवेतले बाष्प तेच हायड्रोजन बंध सोडवते, आणि पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत बटा पुन्हा वळू लागतात. तेव्हा अंश वाढवून उपयोग होत नाही.