अरुंद नावेतला संसार



कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेताला जाणारे पाणी येते. पाट, चारी, पाण्याची पाळी आणि त्या पाळीवरून होणारी भांडणे, इतकाच आपला कालव्याशी संबंध. इंग्लंडात मात्र कालवा म्हटला की ओझे आठवते. तिथले कालवे कोळसा, लोखंड, चिनीमातीची भांडी, धान्य आणि कापूस वाहण्यासाठी खणले गेले. या कालव्यांची, आणि त्यांवरून नावेने फिरलेल्या एका जोडप्याची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत प्रवासाची खरी. परंतु आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. प्रवासवर्णन वाचतानाही गाडी ओढतो कोण आणि त्याला मिळते काय, इकडेच आमचे लक्ष जाते. तेव्हा आरंभही तेथूनच करू.

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराच्या वर्स्ली येथे कोळशाच्या खाणी होत्या. तो कोळसा मँचेस्टरला न्यावा म्हणून १७६१ साली त्याने कालवा सुरू केला. बांधणारा जेम्स ब्रिंडले हा गिरण्यांची चाके बसवणारा कारागीर. अक्षरओळख बेताचीच, पण पाण्याची चाल त्याला पुरती कळलेली. रस्त्यावर चिखलातून घोडा गाडीने टन-दोन टन ओढी; तोच घोडा काठच्या वाटेने चालत पंचवीस-तीस टनांची नाव ओढू लागला. मँचेस्टरातील कोळशाचा भाव निम्म्यावर आला असे सांगतात. मग पैसेवाल्यांना कालव्यांचे वेडच लागले, आणि १७९०च्या दशकात तर भागभांडवलासाठी झुंबड उडाली.

चढ आला की तेथे लॉक बांधीत. लॉक म्हणजे दोन्ही अंगांना दरवाजे असलेली दगडी कोठी. नाव आत घ्यावयाची, दरवाजे लावावयाचे आणि पाणी भरून ती वर उचलावयाची किंवा पाणी सोडून खाली उतरवावयाची. मध्य इंग्लंडातील लॉक खर्च वाचावा म्हणून सुमारे सात फूटच रुंद ठेवले. साहजिकच नावही तेवढीच झाली, सत्तर फूट लांब आणि सात फुटांहूनही थोडी कमी रुंद. म्हणून तिचे नाव नॅरोबोट, म्हणजे अरुंद नाव.

१८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली आणि वाहतुकीचे दर घसरू लागले. नावाड्याला काठावरच्या घराचे भाडे आणि हाताखालच्या गड्याचा पगार, दोन्ही झेपेनात. त्याने घर सोडले, गडी सोडला आणि बायकामुले नावेवर आणली. मालाला जागा पाहिजे, म्हणून संसाराला मिळाली ती मागच्या टोकाची खोली, सुमारे दहा फूट लांब. तीत चूल, कपाट, आणि कपाटाचे दार खाली पाडले की होणारा पलंग. याच खोलीत बाळंतपणे झाली. दारांवर या लोकांनी गुलाब आणि किल्ले रंगविले, पितळ घासून लखलखीत ठेवले. पाहणारे या रंगांचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या दाराआड माणसे किती निजत होती तेही मोजले पाहिजे.

ते मोजणारा एक माणूस निघाला. जॉर्ज स्मिथ त्याचे नाव. लहानपणी तो स्वतः विटांच्या भट्टीवर राबलेला होता. त्याच्या खटपटीने १८७७ साली कायदा झाला आणि १८८४ साली तो दुरुस्त झाला. राहती नाव नोंदवावी, तीत किती माणसांनी राहावे ते ठरावे, आणि मुलांना शाळा मिळावी, असा त्याचा आशय होता. परंतु आज येथे आणि उद्या दहा कोसांवर असणाऱ्या मुलाला कोणती शाळा धरून ठेवणार? पिढ्यान्‌पिढ्या ही माणसे निरक्षर राहिली.

आता मजुरीचे पाहा. ती खेपेवर आणि टनावर ठरे, आणि मिळे नावेच्या प्रमुखाला, म्हणजे नवऱ्याला. बायको सुकाणू धरी, लॉकचे दरवाजे ढकली, माल उतरवण्यास हात लावी. मुले घोड्यामागे चालत. पुढे इंजिनाची नाव आली आणि तिच्यामागे दुसरी बिनइंजिनाची नाव जोडू लागले. पुढच्या नावेवर नवरा, मागच्या नावेवर बायको. एक अख्खी नाव ती स्वतः हाकीत होती, पण हिशेबाच्या वहीत तिचे नाव नव्हते. श्रोत्यांना हे परके वाटू नये. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात; उचल त्या कोयत्याच्या नावाने आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. मोळी मात्र दोघांच्याही डोक्यावर असते.

अशा माणसांची संघटना बांधणे किती अवघड, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. गिरणी कामगाराला गिरणीचे दार असते, तेथे सभा भरवता येते. ज्याचा कारखाना ताशी तीन मैलांच्या गतीने पुढे सरकतो त्याला गाठावे कोठे? शिवाय नाव मालकाची आणि घरही तेच. काम सोडले की छप्पर गेले. असे असूनही १९२३ साली फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या बड्या वाहतूक कंपनीने मजुरी कापण्याचे ठरवताच नावाड्यांनी ब्रॉन्स्टन येथे नावा बांधून ठेवल्या आणि कित्येक आठवडे संप चालविला. वाहतूक कामगारांची मोठी युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. घर हेच हत्यार असल्यामुळे तो संप सहकुटुंबच होता.

या ब्रॉन्स्टनवरूनच, सोळा वर्षांनी, आमचे जोडपे गेले. टॉम रोल्ट १९१० साली जन्मलेला; शाळा लवकर सोडून यंत्रशाळांत उमेदवारी केलेला. त्याच्या मामेचुलत्यांपैकी एकाची ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नाव त्याने घेतली, बॅन्बरीच्या टूलींच्या गोदीत ती राहण्याजोगी केली, तीत पुस्तकांच्या फळ्या आणि न्हाणीचे टबदेखील बसविले. जुलै १९३९ मध्ये अँजेला ऑरेडशी त्याचे लग्न झाले आणि त्याच महिन्यात दोघे निघाली. ऑक्सफर्ड कालव्याने उत्तरेस, लेस्टरच्या बाजूने ट्रेंट नदीला, तेथून ट्रेंट-मर्सी कालव्याने पुढे, असा त्यांचा मार्ग होता. सप्टेंबरात महायुद्ध पेटले. तरी त्यांनी नाव सोडली नाही. सुमारे बारा वर्षे त्यांचा संसार तीतच झाला. त्यांपैकी जवळजवळ पाच वर्षे नाव टार्डेबिग येथे होती. तेथे तीस लॉक एकापुढे एक आहेत.

पहिल्या प्रवासावर टॉमने ‘नॅरो बोट’ हे पुस्तक लिहिले. पुष्कळ प्रकाशकांकडून ते परत आले आणि शेवटी १९४४ साली निघाले. त्यातील छायाचित्रे अँजेलाची आहेत. रंगीत दारांमागच्या माणसांची बोली, कसब आणि अभिमान या पुस्तकाने शहरी वाचकांपुढे ठेवला. रॉबर्ट आयकमन नावाच्या लेखकाने ते वाचून रोल्टला पत्र लिहिले, आणि १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले.

या मंडळाची एक लढत आम्हांला फार आवडते. बर्मिंगहॅमजवळ स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड लेन येथील उचलता पूल बिघडला, तेव्हा रेल्वे कंपनीने त्या जागी ठेंगणा, पक्का पूल टाकला. नाव खालून जाईना. कालवा कंपनीच्या मालकीचा होता खरा, पण त्यावरून नाव नेण्याचा जनतेचा हक्क कायद्यात शाबूत होता. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, आणि सूचना दिल्यास पूल उचलून देऊ असे उत्तर मिळाले. रोल्टने लगेच सूचना दिली. मे १९४७ मध्ये कंपनीच्या कामगारांनी जॅक लावून पूल वर उचलला आणि ‘क्रेसी’ खालून सरकत गेली. कागदावरचा हक्क बजावला नाही तर तो गंजतो. हे ज्याने कामगार कायद्याची पुस्तके चाळली आहेत त्याला निराळे सांगावयास नको.

पुढे मात्र मतभेद झाले. प्रत्येक कालवा उघडा राहिलाच पाहिजे, असे आयकमनचे म्हणणे. ज्यांवर अजून नावाडी पोट भरतात ते कालवे आधी सांभाळा, असा रोल्टचा कल. १९५१ पर्यंत रोल्ट मंडळाबाहेर गेला. त्याच वर्षी ‘क्रेसी’चे लाकूड कुजल्याचे आढळले आणि जोडप्याच्या वाटाही वेगळ्या झाल्या. अँजेला सर्कशीबरोबर गेली. टॉमने वेल्समधील टॅलिलिन ही छोटी रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालविण्यात पुढाकार घेतला. १९७४ साली तो वारला.

आणि नावाड्यांचे काय झाले? १९४८ मध्ये बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. पण माल लॉरीकडे वळतच राहिला. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि त्याच सुमारास सरकारी संस्थेने आपल्या बहुतेक मालवाहू नावा थांबविल्या. १९७० साली लंडनजवळच्या एका जॅमच्या कारखान्याला कोळसा पुरवणारी नियमित खेप बंद पडली, तेव्हा दूर पल्ल्याची ही वाहतूक जवळजवळ संपलीच. १९६८च्या कायद्याने अनेक कालवे सहलीसाठी राखले गेले होते. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग एक विश्वस्त संस्था सांभाळते.

त्यांवरून नवी जोडपी फिरतात. टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नटदांपत्य तर २०१४ पासून दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. तिची स्मृती क्षीण होत चालली होती; तो सुकाणू धरी आणि ती लॉकवर उतरे. २०२४ मध्ये तो गेला, २०२५ मध्ये ती. त्यांचे प्रेम पाहून लोक गहिवरले, त्यात नवल नाही.

तेव्हा हिशेब असा होतो. हौसेने निघालेल्या जोडप्यांमुळे पाणी वाचले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पोटासाठी निघालेल्या जोडप्यांचा धंदा मात्र वाचला नाही; तो वाचविणे एका पुस्तकाच्या किंवा एका मंडळाच्या आवाक्यातले नव्हतेही. पण ज्या शंभर वर्षांत तो धंदा चालत होता, त्या काळात मागच्या नावेवरच्या बाईला तिची मजुरी तिच्या हातात देणे अशक्य नव्हते. तेवढे कोणी केले नाही. १८७७च्या कायद्याने ठेवलेल्या नोंदींत मालकाचे नाव आहे, नावेच्या प्रमुखाचे नाव आहे. बायको सापडते ती राहणाऱ्या माणसांच्या आकड्यात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आपल्या गावावरून कारखान्यांकडे जातात. यंदा त्या दिसल्या की उचलीच्या वहीत किती बायकांची नावे लिहिली आहेत, एवढी चौकशी श्रोत्यांनी मुकादमाजवळ अवश्य करावी.