खांड बुजवण्याचे अवजार

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर शेतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी माती खोदण्याचा आणि ती योग्य जागी टाकण्याचा इतिहास आहे. धरमतर, रेवदंडा आणि राजपुरी या खाड्या भरतीचे पाणी कित्येक मैल आत नेतात, आणि त्यांच्या काठांवरची सपाट जमीन उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीच्या, पातळीपेक्षा सखल असल्याने तेथे नांगर धरण्याआधी ती जमीन समुद्रापासून वेगळी करावी लागते. भरतीखाली जाणाऱ्या अशा दलदलीच्या जमिनीला खाजण आणि बांध घालून लागवडीखाली आणलेल्या जमिनीला खार म्हणतात. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील असा सलग पट्टा खारेपाट या नावाने ओळखला जातो. ट्रॅक्टरच्या मागे ओढत नेता येणारे छोटे बॅकहो, म्हणजे हायड्रॉलिक दाबावर चालणाऱ्या हाताने खोदणारे यंत्र, या किनाऱ्यावरील शेतकऱ्याने विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर आजचा आणि निव्वळ हिशेबाचा वाटतो. तथापि खोदण्याचे साधन कोणाचे असावे, ते किती जवळ असावे आणि त्याच्यामागचे श्रम कोणी द्यावेत, या तीन गोष्टींचा निकाल खारेपाटाला प्रत्येक पिढीत नव्याने लावावा लागला आहे, आणि ती परंपरा बाजूला ठेवून केलेला हिशेब अपुरा राहतो.

खार तयार होण्याची रीत सावकाश चालणारी होती. प्रथम खाडीच्या बाजूने बाहेरकाठा, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारा मुख्य बांध, घातला जाई. त्याचा गाभा चिकण चिखलाचा असे आणि पाण्याकडील अंगाला दगडांचा थर लावलेला असे. बांधात ठरावीक जागी उघाडी ठेवीत, म्हणजे ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी झडप. त्यानंतर काही पावसाळे जमिनीतील मीठ धुऊन निघण्याची वाट पाहावी लागे, आणि मग खारे पाणी सोसणारी राता भाताची तांबडी वाणे तेथे धरू लागत. जमीन पुरती पिकती होईपर्यंत सारा माफ करण्याची किंवा तो टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची, इस्ताव्याची, जी पद्धत जुन्या राजवटींत होती तिचे कारण या दीर्घ प्रतीक्षेतच आहे.

या सगळ्या कामाची अवजारे अगदी थोडी होती: कुदळ, फावडे, पहार, टोपली आणि पुढच्या काळात घमेले. महाराष्ट्राच्या इतर भागांत विहिरी आणि तळी खोदण्याचे काम माती वडारांसारख्या फिरत्या समाजांकडे असे. खारेपाटात मात्र बांधाची माती मुख्यतः जमीन कसणारे आगरी आणि कुणबी स्वतःच उचलीत. याचे कारण बांधाच्या स्वभावात सापडते. खेकडा बीळ करतो, बिळातून पाणी झिरपते, झिरप वाढून माती वाहू लागते आणि पुढच्या उधाणाला तेथे खांड पडते, म्हणजे बांध फुटून खाडी शेतात शिरते. झिरप दिसल्या दिवशी दोन माणसांनी चिखलाचे गोळे ठोकून जे काम भागते, त्यालाच आठवड्याने पन्नास माणसे लागतात. खांड बुजवण्याची मुदतही निसर्गाने बांधून दिलेली असते, कारण दोन उधाणांच्या मध्ये भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, जे थोडे दिवस मिळतात तेवढ्यातच बांध पुन्हा उभा राहावा लागतो. अवजाराच्या ताकदीपेक्षा त्याच्या जवळिकीला येथे अधिक मोल आले ते यामुळे. कुदळ ज्याच्या त्याच्या घरी होती, आणि श्रम सर्वांचे मिळून होते. अलिबागच्या खारेपाटात बांधाची देखभाल गावाने सामाईकपणे करण्याच्या या व्यवस्थेला जोळ म्हणत.

जोळ म्हणजे केवळ सदिच्छा नव्हती. तिच्या पाठीशी हक्क आणि देणी यांची चौकट होती. एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याच्या नोंदींत शिलोत्री नावाची वहिवाट आढळते, जिच्यात बाहेरकाठा राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे आणि त्याबद्दल तो कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे भाताचा ठरावीक वाटा, म्हणजे शिलोत्रा, घेत असे. शेतांमधले आतले बांध मात्र कुळांनीच राखायचे असत. आजच्या भाषेत शिलोत्रा हा देखभालीचा निधी होता, आणि तो पैशात नव्हे तर त्याच जमिनीच्या पिकात मोजला जाई, त्यामुळे बांध फुटला तर घेणाऱ्याचेही उत्पन्न बुडे. ही रचना न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. तीत कुळाच्या वाट्याला घाम आणि मालकाच्या वाट्याला धान्य अशीच विभागणी होत गेली, आणि खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा खोत नावाच्या मध्यस्थाने वसूल करण्याच्या पद्धतीच्या, अमलाखालील गावांत तर निरनिराळ्या नावांच्या वसुलीने कुळाच्या हाती फारच थोडे उरे.

या पिळवणुकीला उत्तर म्हणून अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. या काळात कुळांनी जमीन कसण्याचेच नाकारले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि त्याच वर्षी पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र काढले. ज्यांच्या श्रमांनी जमीन समुद्रातून वर आली त्यांचा तिच्यावर हक्क आहे, हे या संपाने सिद्ध केले, आणि कुलाब्याच्या इतिहासात त्याइतकी अभिमानास्पद घटना दुसरी क्वचितच सापडेल. कूळकायद्याची पावले त्यानंतर पडत गेली आणि खोतीही कायद्याने संपली. मात्र जुन्या मालकाचा हक्क संपताच बांधाविषयीचे त्याचे कर्तव्यही संपले, आणि बाहेरकाठ्याचा धनी कोण हा प्रश्न उघडा पडला. त्याचे उत्तर शासनाने १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने दिले: मोठे बांध सरकारी योजनेत आले, त्यांचे आराखडे अभियंते करू लागले, दुरुस्ती निविदेवर आणि मंजुरीवर अवलंबून राहिली. बांध पूर्वीपेक्षा रुंद आणि उंच झाले हे खरे. पण झिरप दिसणे आणि ती बुजणे यांमधले अंतर वाढले, आणि जोळ हळूहळू मागे पडली. तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे आणि पुढे जिल्ह्यातल्याच कारखान्यांकडे वळल्यावर तर सामाईक श्रमाला हातच उरले नाहीत.

या रिकाम्या जागेत यंत्र आले. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातील बल्लभगड येथे बॅकहो लोडर बनवण्यास आरंभ केला. पुढे मातीभराव उचलणारा रुंद बकेट आणि मागे खोदणारा हात असे हे एकच वाहन दोन कामे करते, आणि पुढील काळात त्याला सर्रास जेसीबी असेच नाव पडले. साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या मोठ्या उत्खनन यंत्रालाही तसेच एका फ्रेंच कंपनीवरून पोकलेन म्हणू लागले. न्हावा-शेवा येथील बंदर, थळचा खत कारखाना, कोकण रेल्वे अशा १९८० आणि १९९० च्या दशकांतील कामांनी जिल्ह्यात यंत्रांची आणि ती चालवणाऱ्यांची वर्दळ वाढवली, आणि ठेकेदाराचे काम नसेल तेव्हा ती यंत्रे तासाच्या भाड्याने गावात फिरू लागली. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण श्रम सामाईक आणि अवजार घरचे ही जुनी मांडणी येथे मुळातूनच बदलली: श्रमाची जागा भाड्याने घेतली, आणि अवजार गावाबाहेरच्या कोणाचे तरी झाले. पूर्वी दिवसभर चालणारे काम तासाभरात होऊ लागले हा लाभ नाकारण्यासारखा नाही. परंतु पावसाच्या तोंडावर, जेव्हा प्रत्येकालाच यंत्र हवे असते, तेव्हा ते कोणाच्या शेतात आधी जाईल हे उधाणाच्या तिथीवर न ठरता भाड्याच्या तासांवर ठरते.

छोट्या ओढत्या बॅकहोचे आकर्षण नेमके येथे निर्माण होते. जेसीबीचे सर्वसाधारण यंत्र साडेसात टनांच्या आसपास वजनाचे आणि सुमारे ७५ अश्वशक्तीचे असते. ओढते यंत्र टनाच्या आतले, दोन चाकांचे, छोट्या इंजिनावर चालणारे असते, त्याला स्वतःचे चालन बहुधा नसते आणि कामाच्या जागी ते बकेट जमिनीत रोवून स्वतःला पुढे ओढत सरकते. खोदताना उलटू नये म्हणून त्याला बाजूंना आधारपाय असतात. ते घरच्या अंगणात उभे राहू शकते, म्हणजेच कुदळीची जी जवळीक भाड्याच्या यंत्राने नाहीशी केली होती ती परत मिळण्याची शक्यता त्यात दिसते.

तरीही बाहेरकाठ्यासाठी हे यंत्र घेणे चुकीचे ठरेल. खाजणाच्या चिखलात अरुंद चाके रुततात आणि आधारपाय खाली जातात. तेथे रुंद पट्ट्यांचे, लांब हाताचे पोकलेनच उपयोगी पडते, आणि तेही अनेकदा खाली फळ्या टाकून. बांधाच्या पायथ्याशीच माती काढली तर बांध खचतो, म्हणून माती दुरून आणावी लागते, आणि ज्याला लोडर नाही ते यंत्र माती वाहू शकत नाही. शिवाय जेथे खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली तेथे शेतात कांदळवन वाढले आहे, आणि कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तसेच किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी बंदी असल्याने, यंत्र हाती असूनही शेतकऱ्याला तेथे ते लावता येत नाही. अशा जमिनीवरील अडचण खोदण्याच्या साधनाची राहिलेली नाही, ती वेळेवर न झालेल्या देखभालीची आहे.

त्याच यंत्राचा विचार किनाऱ्याच्या वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागायतीत, केला की निष्कर्ष पालटतो. अलिबागपासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या लांबट आणि अरुंद आहेत, त्यांच्यात शिरणाऱ्या वाटा दगडी गडग्यांच्या मधून जातात, झाडे दाट असतात आणि त्यांची मुळे वरच्यावर पसरतात. साडेसात टनांचे यंत्र आत नेण्यासाठी आधी गडगा पाडावा लागतो आणि नंतर दबलेली जमीन पुन्हा भुसभुशीत करावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले आणि हजारो झाडे उन्मळून पडली, तेव्हा बुंधे काढणे, खड्डे भरणे आणि नव्या रोपांसाठी पुन्हा खड्डे घेणे ही कामे याच अरुंद वाटांमधून करावी लागली. वाळूमिश्रित मऊ जमिनीत पाण्याच्या नळाचे चर, रोपांचे खड्डे, बुजत आलेली डबकी साफ करणे ही छोट्या बकेटची कामे आहेत. खारेपाटातील शहापूर-शहाबाज भागात घरापुढच्या तळ्यांत जिताडा मासा वाढवण्याची जुनी चाल आहे, आणि उन्हाळ्यात आटलेल्या अशा तळ्याचा गाळ काठावरून काढणेही या हाताच्या आवाक्यात येते. जांभा किंवा काळा कातळ लागला की मात्र त्याचे काम थांबते, आणि श्रीवर्धनच्या दक्षिणेकडे तो लवकर लागतो.

खरेदीचा निर्णय तासांवर तोलावा लागतो. गुंतवलेल्या रकमेचे व्याज, दरवर्षीची घट, तेल, नळ्या आणि सांध्यांच्या पिनांचा खर्च यांच्या बेरजेला वर्षात प्रत्यक्ष चाललेल्या तासांनी भागले असता जो आकडा येतो, तो जेसीबीच्या तासाच्या भाड्यापेक्षा कमी असेल आणि कामाचा वेगही विचारात घेतलेला असेल, तरच खरेदी परवडते. आणि ओढत्या यंत्राचा वेग मोठ्या यंत्राच्या लहानशा अंशाइतकाच असल्याने तास तेवढे अधिक धरावे लागतात. या किनाऱ्यावर पावसाचे चार महिने काम बंद असते, भातकापणी कार्तिकापर्यंत लांबते, आणि खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या यंत्राला गंज लवकर धरतो. एका वाडीला वर्षात जेवढे खोदकाम असते तेवढ्यात हा आकडा भाड्याच्या खाली येण्याची शक्यता फार कमी आहे, आणि एकट्या बागायतदाराने केवळ सोयीसाठी ते घेतले तर बहुतेक वर्षभर ते झाकूनच ठेवावे लागेल. एकाच आळीतील दहा-बारा वाड्यांनी मिळून ते घेतले, तर मात्र तास भरतात, चालवणारा माणूस तरबेज होतो आणि यंत्राची निगा राहते.

अशा सामाईक खरेदीसाठी खारेपाटाच्या जुन्या चालीत उपयोगी धडा आहे. शिलोत्रा पीक आल्यावर, बांध फुटण्याआधीच, घेतला जाई. त्याचप्रमाणे यंत्राच्या दुरुस्तीचा वाटा सुपारी-नारळ विकले जाण्याच्या वेळीच, कामाच्या तासांप्रमाणे नव्हे तर वाडीच्या क्षेत्राप्रमाणे, जमा व्हायला हवा, म्हणजे कमी वापर करणाराही यंत्र सुस्थितीत ठेवण्यास बांधलेला राहतो. पावसाआधीच्या पंधरवड्यात पाळी कोणाची, वादळानंतर पहिला हक्क कोणाचा, आणि फुटलेल्या नळीचा खर्च ज्याच्या वाडीत ती फुटली त्याचा की सर्वांचा, हे यंत्र आणण्यापूर्वी लिहून ठरले पाहिजे. जुन्या व्यवस्थेतील मालकाचा वरचष्मा वगळून तिच्यातली ही शिस्त तेवढी घेता आली, तर दिवेआगर-श्रीवर्धनच्या आळ्यांना हे यंत्र घेण्याजोगे आहे. पेण-अलिबागच्या बाहेरकाठ्याला आजही त्याहून अधिक गरज आहे ती झिरप पाहून त्याच भांगात माती टाकणाऱ्या गावच्या माणसांची, आणि त्यांना त्या कामाची मजुरी देणाऱ्या खारभूमी योजनेची.