सोल्डरिंग व डीसोल्डरिंग : जुन्या सर्किट बोर्डांची दुरुस्ती

सर्किट बोर्डावरील तांब्याची पट्टी आणि सुट्या भागाची तार यांना वितळलेल्या मिश्रधातूने (सोल्डरने) सांधणे म्हणजे सोल्डरिंग किंवा डाखकाम. तोच सांधा, म्हणजे टाका, वितळवून भाग मोकळा करणे म्हणजे डीसोल्डरिंग. जुने रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर व संगणक दुरुस्त करताना दोन्ही लागतात. त्यांत दुसरे अधिक अवघड. कपॅसिटर बाजारात नवा मिळतो, जुना बोर्ड बहुधा मिळत नाही. म्हणून बोर्डावरचे तांबे वाचवणे हे या कामाचे पहिले उद्दिष्ट.

सोल्डर व फ्लक्स : ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३° से. ला वितळते आणि त्याच तापमानाला थिजते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले. त्यानंतर रूढ झालेले कथिल-चांदी-तांबे सोल्डर २१७ ते २२०° से. ला वितळते. जुन्या बोर्डाला कमी उष्णता सोसावी लागते म्हणून दुरुस्तीत शिसेयुक्त सोल्डर सोयीचे. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स असतो. तो धातूवरील ऑक्साइड काढतो. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स तांबे गंजवतो. तो येथे वर्ज्य.

टाका : सोल्डर वितळवणाऱ्या सोल्डरिंग आयर्नच्या तांब्याच्या टोकावर लोखंडाचा पातळ थर असतो, त्यामुळे ते कानशीने घासू नये, पुसून त्यावर थोडे सोल्डर चढवावे. टोक पॅड (बोर्डावरील तांब्याची टाक्याची जागा) आणि तार या दोघांना एकदम टेकवावे आणि सोल्डर टोकाला न लावता तापलेल्या सांध्याला लावावे. साधा टाका दोन-तीन सेकंदांत होतो. चांगल्या टाक्यात सोल्डर तारेपासून पॅडपर्यंत अंतर्वक्र उताराने पसरते. गोळी होऊन वर बसलेले सोल्डर तांब्याला धरलेले नसते.

डीसोल्डरिंग : जुन्या टाक्यावर आधी फ्लक्स व थोडे ताजे सोल्डर द्यावे, त्याने उष्णता नीट पोहोचते. मग वितळलेले सोल्डर सक्शन पंपाने किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने (विक) शोषून घ्यावे. अनेक पायांचा आयसी निकामी असेल तर त्याचे पाय कापून एकेक काढणे बोर्डासाठी सर्वांत सुरक्षित. जुन्या कागदी-फिनॉलिक बोर्डावरील तांब्याचा पत्रा सामान्यतः ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि डिंकासारख्या थराने चिकटवलेला असतो. जास्त तापल्यास ही पकड सुटते व पॅड उचकटते. म्हणून भाग ओढू नये. सोल्डर पूर्ण सुटल्यावर तो सहज निघाला पाहिजे. पॅड उचकटलेच तर बारीक तारेने पट्टी जोडून घेता येते.

नेहमीचे दोष : ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर, गरम होणारे भाग यांच्या पायांभोवती वर्षानुवर्षांच्या प्रसरण-आकुंचनाने गोल तडा जातो. भिंगातून तो दिसतो. जुने सोल्डर काढून नवा टाका घातला की बहुधा काम भागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना धन-ऋण टोके जपावीत. निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असल्यास तो अल्कधर्मी मळ सौम्य व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा. गंजलेले तांबे सोल्डर धरत नाही.

सुरक्षा : २३० व्होल्ट पुरवठ्यावरील संचात मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असू शकते व वीज बंद केल्यावरही उरते; ते रोधकातून उतरवून, मीटरने तपासूनच हात घालावा. राळेच्या धुराने दमा होऊ शकतो, म्हणून हवा खेळती हवी. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

सराव : भंगारातला बोर्ड हे उत्तम पाटीपुस्तक. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता व पुण्यातील पासोड्या विठोबा परिसर येथे सोल्डर, फ्लक्स व सुटे भाग मिळतात. भाग काढल्यावर छिद्र मोकळे आणि पॅड जागच्या जागी, असे लागोपाठ जमू लागले की मगच जपून ठेवलेल्या यंत्राला हात लावावा.