वसई किल्ल्याला जाताय? आधी भिंत समजून घ्या

पावसाळा संपला की प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न पडतो, "रविवारी कुठे जायचं?" बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या पोरांचं उत्तर ठरलेलं असतं, वसईचा किल्ला. कोल्डप्लेच्या गाण्यात तो दिसला, प्री-वेडिंगवाले तर रोजचेच. तासभर फिरायचं, फोटो काढायचे, येताना वडापाव. झाली ट्रिप.

आज आपण त्याच किल्ल्याचा प्लॅन करतोय, पण माझी एक अट आहे. तिथे किल्ला बघायला जाऊ नका, शहर बघायला जा.

आपल्याला सवय डोंगरी किल्ल्यांची. चढायचं, माची बघायची, टाक्याचं पाणी बघायचं, उतरायचं. वसईला चढ नाही. सपाट जमीन, दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र आणि सभोवती साधारण साडेचार किलोमीटरचा दगडी तट. या तटाच्या आत अख्खं शहर होतं. रस्ते होते, घरं होती, चर्च, मठ, कॉलेज, इस्पितळ, तुरुंग, सगळं होतं. पोर्तुगीज त्याला 'बासाईं' म्हणायचे.

हे शहर त्यांच्याकडे आलं कसं? वसई होती गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडे. 1533 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने इथे हल्ला केला. त्यातच दिल्लीचा हुमायून बहादूरशाहवर चालून येण्याच्या बेतात. दोन्हीकडून कोंडी झाली आणि 23 डिसेंबर 1534 च्या तहाने सुलतानाने वसई देऊन टाकली. सोबत आसपासचा मुलूख आणि मुंबईची बेटंही. नीट ऐका, मुंबई तेव्हा वसईच्या हाताखाली होती! उत्तर कोकणातल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार वसईतून चालायचा. आज आपण सकाळी 7:50 ची लोकल पकडून वसईहून मुंबईला कामाला जातो, तेव्हा हुकूम वसईहून मुंबईला जायचे.

आता मुख्य मुद्दा, भिंत.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे फायरवॉल लावताना पहिला प्रश्न असतो, आत कोणाला ठेवायचं आणि बाहेर कोणाला. वसईच्या तटाकडे तसंच बघा. आत मुख्यतः पोर्तुगीज घराणी, अधिकारी, सैनिक आणि धर्मगुरू. बाहेर कोळीवाडे, शेतं, वाड्या आणि ती पिकवणारी माणसं. शहर उभं राहिलं बाहेरच्यांच्या घामावर आणि साऱ्यावर, संरक्षण मात्र आतल्यांना.

याचा पुरावा 1674 मध्ये मिळाला. मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरची चर्च लुटली. शहरातली शिबंदी भिंतीआड बसून राहिली. विचार करा, ज्यांनी धर्म बदलला, चर्चला आपलं मानलं, तेही भिंतीच्या हिशेबात बाहेरचेच ठरले. आणि ज्यांनी धर्म बदलला नाही, त्यांची देवळं तर पोर्तुगिजांनीच पाडली होती. या जुलमाला कंटाळून इथल्या लोकांनी पुण्याकडे गाऱ्हाणी नेली. अंजूरच्या गंगाजी नाईकांचं नाव त्यात पुढे येतं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाणे घेतलं, साष्टी घेतली. विरारजवळचं अर्नाळाही आलं. 1739 च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. पोर्तुगिजांचं खरं बळ समुद्रावर. पण मराठे आले उत्तरेकडून, वाळूच्या कोरड्या जमिनीवरून. तटाखाली सुरुंग खणले. काही उडाले, काही फसले. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाला भगदाड पडलं आणि 16 मे 1739 ला शरणागतीच्या अटी ठरल्या. मराठ्यांकडचीही हजारो माणसं या वेढ्यात कामी आली होती. तरीही पोर्तुगिजांना शस्त्रं आणि सामान घेऊन, मानाने निघून जायला आठ दिवस मिळाले.

तिकडे मुंबईत इंग्रजांची झोप उडाली. वसईसारखी भिंत पडू शकते तर आपली किती टिकणार? त्यांनी चिमाजी अप्पांशी तह केला आणि मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. इकडे वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. नवसाला पावली म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं.

गंमत बघा, याच वसईत मराठ्यांच्या स्वातंत्र्यावरही घाव पडला. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला आला आणि 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला. इंग्रजांची फौज पदरी ठेवायची, तिचा खर्च द्यायचा आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणाशी लढाई नाही की तह नाही. एकाच शहरात 1739 चा विजय आणि 1802 ची सही. किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर उभे राहाल तेव्हा दोन्ही तारखा आठवा.

आता प्लॅन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर पोचा, उन्हात हा दगड तापतो. वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरा, तिथून किल्ल्याकडे बस किंवा रिक्षा. मीरा-भाईंदरकडून येणार असाल तर 2024 पासून सुरू झालेली रो-रो बोट आहेच, खाडीतून येताना तट जसा दिसतो तसा रस्त्याने कधीच दिसत नाही. पाणी जवळ ठेवा, बूट घाला. पावसाळ्यात गेलात तर शेवाळावर आणि पडक्या जिन्यांवर हिरोगिरी नको.

आत शिरा जमिनीकडच्या दरवाजाने आणि बाहेर पडा समुद्राकडच्या दरवाजाने. म्हणजे शहर आरपार चालून होतं. वाटेत घाई न करता तीन गोष्टी बघा. एक, फ्रान्सिस्कन चर्च. फरशीतल्या कबरींवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत, पाय जपून टाका, ती कोणाची तरी आजी-आजोबा आहेत. दोन, जेझुइट चर्च, म्हणजेच गोन्सालो गार्सियांचं चर्च. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला संत. तीन, समुद्राच्या दरवाजाजवळचं सेंट जोसेफ, तेव्हाचं इथलं मुख्य चर्च. दगडावर नाव कोरायची हौस असेल तर घरीच थांबा.

आणि एक विनंती. वसईच्या प्रत्येक रीलखाली एक भांडण ठरलेलं असतं. कोणीतरी इथल्या ख्रिस्ती माणसाला "पोर्तुगीज" म्हणून परत जायला सांगतं. कुठे जाणार बाबा? 1739 मध्ये जे जहाजात बसून गेले, ते पोर्तुगीज. हे लोक भिंतीबाहेरचे, इथल्याच मातीतले. घरात कादोडी बोलणारे कुपारी बघा, केळीच्या बागा राखणारे वाडवळ बघा, पाचूबंदरचे कोळी बघा. कोणी देवळात जातं, कोणी चर्चमध्ये, पण पिढ्यानपिढ्या राहिले ते सगळे इथेच. आणि तुम्ही पाव खाता, पगार घेता, घराची चावी खिशात ठेवता, हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. त्यांना कुठे परत पाठवणार?

म्हणून किल्ल्यातून निघालात की सरळ स्टेशन गाठू नका. समुद्राच्या दरवाजातून किल्लाबंदरला उतरा, कोळणी सुकत घातलेली मासळी उलटत असतील. मग पापडीच्या बाजाराकडे वळा, मिळाली तर सुकेळी घ्या. ज्यांच्यासाठी एवढी मोठी भिंत बांधली त्यांच्या घरांना आज छप्पर नाही, आत पिंपळ उगवलेत. ज्यांना भिंतीबाहेर ठेवलं त्यांच्या घरी मात्र अजून चूल पेटते. वसईला जाऊन हे बघितलं नाहीत, तर नुसती भिंत बघून आलात.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावाजवळचा असा एखादा कोट असेल तर कळवा, तिकडचाही प्लॅन करू.