‘एम्डेन’ : मद्रासच्या समुद्रातले भूत

समुद्राकाठच्या लोकांना भुतांची कधी वाण पडत नाही. आमच्या कोकणात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो रात्रीबेरात्री माणसाला पाण्याकडे ओढतो. युरोपच्या खलाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी ‘उडता डचमन’ दिसे. आज त्याला क्षितिजावरील तापलेल्या व थंड हवेच्या थरांतून दिसणारे मृगजळ म्हणतात. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचा सांगाडा कोठेच हाती लागला नाही, म्हणून ती गुजराती लोकगीतांत राहिली. या साऱ्या कथांची रीत एकच : आधी नौका नाहीशी व्हावी आणि मग तिचे भूत व्हावे.

मद्रासच्या किनाऱ्याने मात्र ही रीत उलटी केली. येथे भूत झाले ते एका धडधाकट, तरंगत्या युद्धनौकेचे, आणि तेही ती बुडण्यापूर्वीच. ‘एम्डेन’ तिचे नाव.

१९०८ साली डान्झिग येथे जलावतरण झालेली ही जर्मन क्रूझर १९१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या आरमारापासून वेगळी होऊन एकटीच हिंदी महासागराकडे निघाली. कार्ल फोन म्युलर हा तिचा कप्तान. तिला मुळात तीन धुराडी होती. खलाशांनी चौथे खोटे धुराडे उभारले आणि दुरून पाहणाऱ्यास ती इंग्रजांच्या ‘यार्मथ’सारखी भासू लागली. १० सप्टेंबरपासून बंगालच्या उपसागरात एकामागून एक व्यापारी जहाजे तिच्या हाती पडली. जहाज बुडवावे, पण त्यावरील माणसांस सुरक्षित उतरवून घ्यावे, असा म्युलरचा शिरस्ता होता. पकडलेल्या लोकांना त्याने ‘कबिंगा’ या जहाजावर चढवून सोडून दिले. मृतांना बोलता येत नाही. हे सुटलेले लोक मात्र कलकत्त्याला जाऊन बोलले. भूत पाहून जिवंत परत आलेले इतके साक्षीदार दुसऱ्या कोणत्या भुताला लाभले असतील ?

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास ती मद्रासपासून सुमारे तीन हजार यार्डांवर येऊन थांबली. हायकोर्टाच्या घुमटावरील दीपगृह तेव्हा नेहमीप्रमाणे जळत होते. शोधदीप पेटले, काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास तोफगोळे सुटले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांनी पेट घेतला. बंदरातील ‘चुप्रा’ जहाजास मार बसला, काही गोळे शहरात पडले. किनाऱ्यावरील तोफांनी उत्तर दिले खरे, पण तोवर दिवे मालवून नौका अंधारात मिसळली होती. हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीवरील स्मृतिफलक या रात्रीची साक्ष देतो.

हिशेब मांडला तर हानी फार नव्हती. तेल जळाले, मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही दुसऱ्या दिवसापासून लोक शहर सोडून आत जाऊ लागले. याचे कारण तोफगोळ्यांत नाही, इतिहासात आहे. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले, तेव्हापासून समुद्राकडून आलेला शत्रू या गावास ठाऊक होता. पण पुढे इंग्रज आरमाराची सत्ता इतकी निर्विवाद झाली, की समुद्र ही राज्यकर्त्यांची खाजगी मालमत्ता आहे, असे सर्वांनीच धरून चालावे. त्या रात्री एका नौकेने हे गृहीत मोडले. भीतीने पळणाऱ्या माणसाच्या मनातही सरकारची फजिती पाहून कोठे तरी गुदगुल्या झाल्या असतील. भय आणि कौतुक ही दोन्ही एकाच ठिकाणी जडली, की दंतकथेस दुसरे खतपाणी लागत नाही.

दंतकथेने लवकरच आपला उतारूही शोधला. तिरुवनंतपुरमचे क्रांतिकारक चेंपकरामन पिळ्ळै ‘एम्डेन’वर होते आणि त्यांनीच तोफांना दिशा दाखवली, असे दक्षिणेत आजही सांगितले जाते. पिळ्ळै तेव्हा युरोपात होते. १९१४ साली झुरिच येथे त्यांनी भारताच्या बाजूने समिती स्थापली आणि त्याच वर्षी ते बर्लिनला गेले. तेव्हा ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. तथापि तिला निव्वळ खोटे म्हणून बाजूस सारणे आम्हांस पटत नाही. आपल्या शहरावर पडलेल्या गोळ्यांमागे आपलाच एखादा माणूस असावा, म्हणजे तो मार अपमान न राहता संदेश ठरेल, ही पराधीन समाजाची इच्छा तीत बोलते.

प्रत्यक्ष नौकेचे आयुष्य पुढे सात आठवड्यांचेच होते. २८ ऑक्टोबरला तिने पेनांग येथे रशियन क्रूझर ‘झेमचुग’ बुडवली. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिला गाठून निकामी केले. किनाऱ्यावर उतरलेली तिची तुकडी तेवढी ‘आयेशा’ नावाच्या जुन्या शिडाच्या गलबतातून निसटली आणि अरबस्तानामार्गे मे १९१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली.

नौका गेली, पण तिचे नाव तमिळ भाषेत शिरले. धूर्त, जबर, कोणाला न जुमानणारा माणूस म्हणजे ‘एम्डन’. घरातल्या कडक बापासही हे विशेषण लागते. २००६ साली अशा बापाच्या मुलावर ‘एम्डन मगन’ नावाचा चित्रपट निघू घातला, तेव्हा तमिळ नाव असलेल्या चित्रपटांस करमाफी होती, म्हणून शीर्षक ‘एम मगन’ असे करण्यात आले. घरोघरी मुरलेला शब्द सरकारी दप्तरी परका ठरला !

बदलीच्या गावी दप्तरांतून देश ओळखणाऱ्या आम्हा मंडळींस येथे थोडे थांबावेसे वाटते. जळालेल्या तेलाचा आकडा दप्तराने नोंदवला, पण त्या रात्रीच्या भयाला दप्तरात रकाना नव्हता. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार उपसागरात उतरले आणि मद्रास पुन्हा ओस पडू लागले, तेव्हा ज्यांनी १९१४ पाहिले होते अशांची एक पिढी त्या शहरात हयात होती. भीती कोणत्या वाटेने येते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल. परमुलखात नवी भाषा शिकताना शब्दाचा अर्थ विचारण्याची आपणांस सवय असते. तो शब्द कोणत्या रात्री जन्मला, हेही विचारीत जावे. ज्या इतिहासास दप्तरात जागा मिळत नाही, तो पुष्कळदा बोलीत घर करून राहिलेला असतो.