मामाचे डोळे

1962 साली मिरजेच्या एका स्टुडिओत मी टच-अप शिकायला बसलो. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तंबी दिली : तोंडावर भाव घालायचा नाही. फोटो वीस-वीस वर्षं भिंतीवर राहतो, रोज हसणारं माणूस घरच्यांना नकोसं होतं. भाव घालायचाच तर हातात, पदरात, मागच्या पडद्यात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 साली. कॅमेऱ्यानं जे दाखवलं ते न आवडणारी माणसं तेव्हापासूनचीच असणार, आणि आमचं पोट त्यांच्यावर. निगेटिव्हवर कडक शिसाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, ब्रोमाइडवर एन्लार्ज करायचं, सोडियम सल्फाइडच्या पाण्यात सेपिया करायचं (खोलीभर सडक्या अंड्यांचा वास), मग काडीला कापूस गुंडाळून फोटो-ऑइलचे रंग.

निम्मं काम गेलेल्या माणसांचं. लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेतला नखाएवढा चेहरा, नाहीतर शेवटच्या दिवशी खुर्चीत टेकवून काढलेला, डोळे मिटलेला. ते आम्ही उघडायचो. एका बाईंचा तर उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. मुलगा म्हणाला, "आई अगदी मामासारखी दिसायची." मामांना दोन दिवस समोर बसवलं. फोटो बघून लेक रडली, "आईच ही!" मामा मात्र फोटोकडे बघेनात.

पुढं कधीतरी वाचनालयात एका पुस्तकात चित्रकार फ्रिडा काहलोचं 'दोन फ्रिडा' हे चित्र पाहिलं. 1939 सालचं, चांगलं पावणेसहा फूट लांब-रुंद. 1940 साली मेक्सिको शहरातल्या अतिवास्तववादी प्रदर्शनात ते लागलं होतं. बाईंना स्वतःला मात्र तो शिक्का मान्य नव्हता. एका बाकावर हातात हात घालून दोघी बसल्यात, दोघीही तीच. एकीला युरोपी पांढरा झगा, दुसरीला मेक्सिकोतल्या तेवाना बायकांचा पोशाख, हिचा रंग किंचित सावळा. दोघींची काळजं उघडी, पांढऱ्या झग्यावालीचं चिरलेलं. चित्र काढलं त्याच वर्षी नवऱ्याशी, दिएगो रिवेराशी, घटस्फोट झालेला. पण तोंडं बघा : दगड. रडतंय ते मागचं आभाळ, आणि झग्यावर ठिबकणारं रक्त. मी मनात म्हटलं, या बाईला आमचेच मास्तर भेटलेले दिसतात.

मग वाचलं, की वडील गिलेर्मो फोटोग्राफर, 1891 मध्ये जर्मनीहून मेक्सिकोत आलेले. त्यांच्या हाताखाली पोरीनं फोटो धुणं, रिटच करणं, रंगवणं शिकून घेतलं होतं. जाणकार या चित्रात आई-बापाकडची दोन रक्तं बघतात, मोडलेला संसार बघतात. बघोत. माझी नजर सावळ्या फ्रिडाच्या हातातल्या इवल्याशा तसबिरीवर जाते. तीत लहानपणीचा दिएगो आहे. तिथून निघालेली रक्तवाहिनी दोन्ही काळजांतून फिरून पलीकडच्या मांडीवर येते. तिथं तिचं तोंड चिमट्यानं दाबलंय, तरी गळतंच आहे. एवढ्या थोरल्या चित्राला रक्त पुरवते ती नखाएवढी तसबीर. आमच्याकडे हे रोजचं होतं.

रंगीत लॅब आल्या आणि आमचं डेस्क माळ्यावर गेलं. शेवटच्या कामांपैकी एक त्याच घरचं. मामा गेले होते. फ्लॅशला दचकून त्यांचेही डोळे फोटोत मिटलेले. नमुना म्हणून भाच्यानं कापडात गुंडाळून आईची तसबीर आणली होती.